लॅपटॉपमधला वाडा

फेब्रुवारी २०२४. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. रात्री साडेनऊला दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमधून दिवाणजींचा फोन आला. "साहेब, पट्टी निघत नाहीये. शेतकरी खोळंबलेत."

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोबाचा कागद. किती क्रेट आले, वजन किती भरलं, किलोला दर काय लागला, आधी घेतलेली उचल किती वजा झाली आणि हातात किती पडणार, हे सगळं त्यावर असतं. वर्षभर बागेला जपलेला माणूस त्या कागदाची वाट बघत पिकअपशेजारी उभा असतो. ती पट्टी छापणारं सॉफ्टवेअर माझं आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, दरवर्षी थोडं थोडं वाढवलेलं.

त्या दुपारीच मी त्यात एक छोटी सुधारणा चढवली होती. शेतकऱ्याचं नाव शोधताना गावाच्या नावावरूनही शोधता यावं, एवढीच. इंदिरानगरच्या घरी लॅपटॉपवर पाच-सहा वेळा तपासली, चालली, सर्व्हरवर चढवली. रात्री फोन आल्यावर मी पुन्हा लॅपटॉपवर पाहिलं, तर तिथे सगळं व्यवस्थित. त्यामुळे पहिली वीस मिनिटं मी प्रिंटर, डेटाबेस, नेटवर्क अशा नको त्या ठिकाणी शोधत राहिलो. मग सर्व्हरची एरर लॉग उघडली. 'स्ट्र कंटेन्स' नावाचं फंक्शनच सापडत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

एका मजकुरात दुसरा मजकूर आहे का, ते हे फंक्शन सांगतं. ते पीएचपीमध्ये आलं ८.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये. पॅकहाऊसचा सर्व्हर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या ११ व्या आवृत्तीवर, म्हणजे तिथे पीएचपी ७.४. माझा लॅपटॉप मी मधल्या काळात डेबियन १२ वर नेला होता, म्हणजे इथे ८.२. मी ज्या जमिनीवर उभा राहून तपासत होतो ती जमीनच वेगळी होती. जुनी फाइल परत चढवली आणि सव्वादहाला पट्ट्या सुरू झाल्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं माणसं थंडीत उभी होती. दिवाणजी एका शब्दाने बोलले नाहीत, त्याने मला जास्त लागलं.

तेव्हाच ठरवलं, की या कामासाठी लॅपटॉपवर सर्व्हरसारखीच जागा पाहिजे. आणि फक्त या कामासाठीच नव्हे. माझ्याकडे सातपूरच्या एका कारखान्याचं स्टोअरचं काम आहे, लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं बिलिंग आहे. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या वर्षात जन्मलेलं आणि त्या त्या वर्षाच्या सवयी घेऊन जगणारं. ती सगळी मी एकाच लॅपटॉपवर, एकाच पीएचपीवर, एकाच डेटाबेसवर दाटीवाटीने बसवली होती. एकासाठी काही बदललं की दुसऱ्याचं बिघडायचं.

हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावलं. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी सुरू झाली, पॅकहाऊस बंद झालं, आणि मी बसलो.

आधी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा अख्खा आभासी संगणक, करून पाहिलं. काम होतं, पण माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम. एका मशीनला २ जीबी द्यायची, दुसऱ्याला २ जीबी, आणि उरलेल्यात ब्राउझर आणि एडिटर. दोन मशीन एकदम चालू केली की पंखा थांबायचाच नाही. डॉकर, म्हणजे एकेक प्रोग्राम त्याच्या सामानासकट डब्यात बंद करणारं साधन, मला आधीपासून येत होतं आणि अजूनही ते मी वापरतो. एखादी एकच प्रक्रिया बांधून दुसरीकडे पाठवायची असेल तर मला ते फार सोयीचं वाटतं. पण माझं पट्टीचं सॉफ्टवेअर म्हणजे एक अख्खं मशीन आहे. अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, रात्री ठरल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं, प्रिंटरची रांग, हे सगळं सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या हाताखाली एकत्र नांदतं. ते तुकडे तुकडे करून वेगवेगळ्या डब्यांत घालायचे आणि परत एकमेकांना जोडायचे, तर मी सर्व्हरची नक्कल करत नाही, नवीनच काहीतरी उभं करतोय. मला हवी होती ती हुबेहूब नक्कल.

ती मिळाली लिनक्स कंटेनरमध्ये. मूळ एलएक्ससी हा प्रकल्प २००८ पासूनचा. त्यावर सोयीचा थर म्हणून कॅनॉनिकलने २०१४ मध्ये एलएक्सडी आणलं. २०२३ मध्ये एलएक्सडी कॅनॉनिकलने लिनक्स कंटेनर्स प्रकल्पातून आपल्या थेट देखरेखीखाली नेलं, तेव्हा अलेक्सा सराय यांनी त्याची स्वतंत्र शाखा काढली, ती इन्कस. तीच पुढे लिनक्स कंटेनर्स प्रकल्पात आली. एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे मी शोधत होतो नेमक्या त्याच सुमारास, इन्कसची ६.० ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आली आणि जून २०२९ पर्यंत तिची देखभाल होणार हे जाहीर झालं. काही काळाने डेबियन १२ च्या बॅकपोर्ट्समधून, म्हणजे आधीच्या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजेसमधून, ती बसवता आली.

इन्कस हे नाव एका ढगाचं आहे. गडगडाटी ढग वर वर चढत जातो आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट पसरतो, त्या ऐरणी ढगाचं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये असा ढग दिसला की द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण गारा त्याच ढगातून पडतात. पॅकहाऊसच्या कामासाठी हेच साधन हातात यावं, याचं मला पहिल्या दिवशी जरा दचकायला झालं होतं.

कंटेनर म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्या भाचीला समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच नीट कळलं. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत माझ्याकडे काम शिकायला येते. मी तिला डेबियन ११ चा कंटेनर सुरू करून दिला. तिने आत जाऊन आवृत्ती पाहिली, मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, पाहिला, आणि म्हणाली, "मामा, हा स्वतःला डेबियन ११ म्हणवतोय, मग कर्नल ६.१ कसा? तो तर १२ चा ना?"

"अगं, कर्नल त्याचा नाहीच. तो आपल्या लॅपटॉपचा आहे."

जुन्या नाशकात तिच्या आजोबांचं बिऱ्हाड वाड्यात होतं. तोच वाडा मी तिला आठवून दिला. वाड्यात आठ बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, देवघर वेगळं, दाराला कुलूप वेगळं. एकाच्या घरात काय शिजतंय ते दुसऱ्याला दिसत नाही. पण आड सगळ्यांचा एकच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्येकाने वेगळा बंगला बांधून वेगळी बोअर मारायची. कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड, आणि आड म्हणजे कर्नल. म्हणूनच व्हर्च्युअल मशीनपेक्षा कंटेनर पटकन उभा राहतो आणि रिकामा बसलेला असताना फार मेमरी खात नाही.

भिंती बांधतात त्या नेमस्पेस. आतल्या प्रक्रियांचे क्रमांक वेगळे, नेटवर्क वेगळं, फाइलींचा पसारा वेगळा, यजमानाचं नाव वेगळं. कुणी किती पाणी उपसायचं ते ठरवतात सीग्रुप. मी प्रत्येक कंटेनरला १ जीबी मेमरी आणि दोन कोअर अशी मर्यादा एका प्रोफाइलमध्ये लिहून ठेवली, म्हणजे एखादी चुकीची क्वेरी सगळा लॅपटॉप गिळणार नाही. वाड्याची उपमा आणखी एका बाबतीत खरी आहे आणि ते मी भाचीला स्पष्ट सांगितलं. आडात काही पडलं तर त्रास सगळ्या बिऱ्हाडांना होतो. कर्नलमध्ये भोक असेल तर कंटेनरच्या भिंती उपयोगाच्या नाहीत. ज्या कोडवर विश्वासच नाही, ते चालवायला मी अजूनही व्हर्च्युअल मशीनच घेतो.

खरा घाम काढला तो फाइलींच्या मालकीने. माझा कोड लॅपटॉपवर माझ्या घरच्या फोल्डरमध्ये असतो. एडिटर इथेच, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट इथेच. ते फोल्डर कंटेनरच्या आत दिसावं म्हणून मी ते डिस्क म्हणून जोडलं. आत जाऊन यादी काढली. प्रत्येक फाइलीपुढे मालकाच्या जागी 'नोबडी', गटाच्या जागी 'नोग्रुप'. अपाचेला त्या फोल्डरमध्ये काही लिहिता येईना, पट्टीची पीडीएफ तयार होईना. मी आत रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होतो आणि तरीही मालकी बदलू म्हटलं तर परवानगी नाही. रूटला परवानगी नाही, हे लिनक्सवर इतकी वर्षं काम करून मी कधी पाहिलं नव्हतं.

मग उलट्या बाजूने पाहिलं. कंटेनरच्या आत रूटने एक रिकामी फाइल तयार केली आणि तिचीच लॅपटॉपच्या बाजूने यादी काढली. मालकाचा क्रमांक आला १००००००. दहा लाख. तिथे उलगडा झाला. आत जो शून्य क्रमांकाचा सर्वाधिकारी आहे, तो बाहेर दहा लाख क्रमांकाचा एक साधा, कुठलाही अधिकार नसलेला वापरकर्ता आहे. स्वतःच्या घरात कर्ता, वाड्याच्या चौकात भाडेकरू. हे युजर नेमस्पेसचं काम, आणि ती २०१३ मध्ये कर्नलच्या ३.८ आवृत्तीत पुरी झाल्यानंतरच असे बिनअधिकाराचे कंटेनर शक्य झाले. माझा बाहेरचा क्रमांक १०००. तो आतल्या नकाशात कुठेच बसत नाही, म्हणून आतून मी 'नोबडी'.

उपाय एका शब्दाचा निघाला. डिस्क जोडताना 'शिफ्ट' हा पर्याय चालू करायचा. मग कर्नल दोन्ही बाजूंचे क्रमांक आपोआप जुळवून दाखवतो. यादी पुन्हा काढली, मालकाच्या जागी आता नीट नाव होतं. मी मात्र त्या एका शब्दासाठी दोन संध्याकाळी घालवल्या, आणि घालवल्या याचं वाईट वाटत नाही, कारण हा नकाशा समजल्याशिवाय मी कंटेनरवर ग्राहकाचा डेटा ठेवला नसता. अनेक जण 'नोबडी' दिसलं की वैतागून कंटेनरला सरळ प्रिव्हिलेज्ड करून टाकतात. मग आतला रूट बाहेरही रूटच असतो. चार मिनिटांत काम होतं, पण ज्यासाठी भिंत बांधली तीच पाडली जाते. तसं करू नका.

दुसरी अडचण नेटवर्कची. एका सकाळी सगळ्या कंटेनरांचं इंटरनेट गेलं. आदल्या रात्री मी लॅपटॉपवर डॉकर नव्याने बसवलं होतं. ते सुरू होताना फायरवॉलमधल्या पुढे पाठवायच्या साखळीचं धोरण 'ड्रॉप' करतं, आणि इन्कसच्या पुलावरून, म्हणजे कंटेनरांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या ब्रिजवरून, जाणारी डेटाची पाकिटं तिथेच अडतात. इन्कसच्या माहितीपत्रकात हे उपायासकट लिहिलेलं आहे. मी ते वाचायच्या आधीच नेटवर्क तीनदा उचकटून बसवलं. पुलासाठी दोन नियम वेगळे घातले आणि गाडी रुळावर आली.

त्यानंतरचं काम भरभर झालं. डेबियन ११ चा कंटेनर, त्यात सर्व्हरवर होती तीच पॅकेजेस, त्याच सेटिंगच्या फाइली. हे सगळं करणारी स्क्रिप्ट मी कोडच्याच गिटमध्ये ठेवली. हाताने केलेलं काहीही चालणार नाही, असा नियम केला. कंटेनर पुसून स्क्रिप्टने पुन्हा उभा करायचा आणि पट्टी निघाली पाहिजे. पहिल्यांदा निघाली नाही, कारण मराठी फॉन्ट मी कधीतरी हाताने टाकला होता आणि विसरलो होतो. पट्टीवर अक्षरांच्या जागी चौकोन आले. असे सहा-सात विसरलेले उद्योग बाहेर पडले. सर्व्हर उद्या बंद पडला असता, तर ते सगळं मला रात्री साडेनऊला आठवावं लागलं असतं.

डेटाबाबत एक सांगायचंच आहे. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि फोन नंबर मी कंटेनरमध्ये आणत नाही. सर्व्हरवरून डेटा घेतानाच ते रकाने बनावट आकड्यांनी बदलून मग तो खाली येतो. कंटेनर वेगळा आहे म्हणून लोकांची खाती माझ्या लॅपटॉपवर फिरवायला मी मोकळा होत नाही.

भाचीलाही मी थेट कंटेनर चालवायला दिला, पण इन्कसच्या ॲडमिन गटात तिचं नाव घातलं नाही. त्या गटात असणं म्हणजे अख्ख्या लॅपटॉपचा रूट हातात असणं. साध्या 'इन्कस' गटात घातलं की तिला स्वतःचा मर्यादित प्रकल्प मिळतो, तेवढं तिला पुरेसं होतं. तिसऱ्याच दिवशी डिलीटची क्वेरी लिहिताना तिची अट लिहायची राहिली आणि शेतकऱ्यांचा तक्ता रिकामा झाला. ती पांढरीफटक पडली होती. मी तिला म्हटलं, "सकाळी स्नॅपशॉट घेतलास ना? परत लाव." स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती. साठवण बीटीआरएफएस या फाइल सिस्टमवर असल्याने तो घेताना सगळी कॉपी होत नाही, बदललेलं तेवढंच वेगळं ठेवलं जातं. दोन-तीन सेकंदांत सकाळची स्थिती परत आली. त्यानंतर ती धीटपणे चुका करायला लागली आणि मला वाटतं त्यामुळेच लवकर शिकली. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे त्याला मी बॅकअप समजत नाही. त्यासाठी दर शनिवारी कंटेनरचा एक्स्पोर्ट काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवतो.

पॅकहाऊसच्या मालकांना मी फोनवर म्हणालो, "दादा, तुमचं सॉफ्टवेअर आता कंटेनरमध्ये ठेवलंय." ते क्षणभर गप्प झाले. त्यांच्या लेखी कंटेनर म्हणजे न्हावा शेवा बंदराला जाणारा रीफर, म्हणजे आत थंडावा राखणारी मोठी पेटी, ज्यात द्राक्षांच्या छोट्या डब्या, म्हणजे पनेट, भरलेल्या पेट्या युरोपला जातात. मग तेच म्हणाले, "म्हणजे बाहेर ऊन असो की पाऊस, आतलं तापमान तेच." मी हो म्हटलं.

खरी मोठी गोष्ट पुढे झाली. पीएचपी ७.४ ची मूळ देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलेली, आणि डेबियन ११ चीही दीर्घकालीन देखभाल ऑगस्ट २०२६ पर्यंतच. सर्व्हर कधीतरी पुढे न्यावा लागणारच होता. आता माझ्याकडे दोन कंटेनर शेजारी शेजारी होते, एक डेबियन ११ आणि ७.४ चा, दुसरा डेबियन १२ आणि ८.२ चा. लॅपटॉपच्या ८०७४ पोर्टवर पहिला, ८०८२ वर दुसरा. कोड तोच, डेटा तोच. मी आणि भाचीने मागच्या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या दोन्हीकडून मजकुराच्या रूपात काढल्या आणि ओळीगणिक ताडून पाहिल्या.

८.२ कडून एकही एरर आली नाही. पण पट्ट्या सारख्या नव्हत्या.

पहिला फरक, काही पट्ट्यांवर 'उचल वजा' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रक्कम कोरी. जुन्या कोडमध्ये अट होती, उचल शून्य असेल तर ही ओळ छापायची नाही. ज्यांनी उचल घेतलीच नव्हती त्यांच्या नोंदीत दिवाणजींनी रकाना कोरा सोडलेला. ७.४ मध्ये कोरा मजकूर आणि शून्य यांची साधी तुलना केली तर उत्तर 'सारखे' असं येतं. ८.० पासून ते 'वेगळे' असं येतं. म्हणून ओळ छापली जात होती. बेरजेत फरक नव्हता, पण मी त्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. ज्याने कधी उचल मागितली नाही, त्याच्या कागदावर 'उचल वजा'. तो विचारणारच, आणि त्याने का विचारू नये?

दुसरा फरक शोधायला वेळ लागला. दिवसाच्या एकत्रित याद्यांत काही नावांचा क्रम बदललेला होता, पण सगळ्याच दिवशी नाही. भाचीने ते हेरलं. "मामा, ज्या दिवशी सोळापेक्षा जास्त गाड्या आल्यात ना, फक्त त्याच दिवशी." जुन्या पीएचपीत सोळापर्यंत नोंदी असल्या तर क्रमवारी एका पद्धतीने लागायची आणि त्याहून जास्त असल्या तर दुसऱ्या, आणि त्या दुसऱ्या पद्धतीत समान वेळेच्या नोंदी मागेपुढे होऊ शकायच्या. ८.० पासून समान नोंदी आल्या त्याच क्रमाने राहतात. म्हणजे नवीन यादी बरोबर होती आणि इतकी वर्षं जुनीच अधूनमधून चुकत होती. दिवाणजींना विचारलं तर म्हणाले, "हो, मोठ्या दिवशी मी वहीशी ताडून घेतो." त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, हाताने दुरुस्त करत राहिले होते.

उचलीची अट सुधारली. सगळ्या पट्ट्या पुन्हा काढल्या. फरक शून्य, फक्त क्रमवारीचा तेवढा राहिला, जो आम्हाला हवाच होता. ऑक्टोबरमध्ये बागांची गोडी छाटणी चालू असताना मी म्हसरूळवरून दिंडोरी रोडने पॅकहाऊसला गेलो आणि गिटमधली तीच स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर चालवली. दिवाणजींनी मोठ्या दिवसाची एक यादी मागितली. मागच्या हंगामातली, तेवीस गाड्यांची. छापून हातात दिली. त्यांनी वही उघडली, बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेले, आणि वही मिटून कपाटात ठेवली.

७.४ चा कंटेनर मी पुसलेला नाही. तो थांबवून ठेवलाय.